सांतानला, दहा दिवसांसाठी

सांतान, किल्ली सोडणांच्या ढिगाखाली आहे,
मांजराशिवाय कुणाला ठाऊक नाही.
उद्या सहाच्या बसने मी मडगावला.
आधी डावा डोळा, उजवा पावसाळ्यानंतर.
डॉक्टरीण म्हणाली, दहा दिवस वाकायचं नाही.
वाकायचं नाही तर फाल्गुनात
पारोड्याच्या माणसाने करायचं काय?

तू बोटीवर सात वर्षं कांदे कापलेस,
पोत्यांनी गाजरं सोललीस, पिएदाद सांगते.
पण काल मिरचीच्या रोपाकडे असं पाहिलंस
जसं लग्नघरात एखाद्याचं नाव आठवू नये.
म्हणून सांगते. लिहून घेऊ नकोस, ऐक.

मिरचीला पाणी सकाळीच. बुडाशी, पानांवर नाही.
माती दुसऱ्या पेरापर्यंत ओली लागली
तर त्या दिवशी नकोच.
दुपारी माना टाकतात ती नाटकं,
ऊन कललं की आपणहून उभी राहतात.
कलल्यावरही पडलेलीच असतील
तर मात्र कळशी घेऊन धाव.

शेतातले अळसांदे.
शेंग कानाशी धरून हलव.
मला पिवळी कुठली, हिरवी कुठली
गेल्या वर्षापासून कळत नाही,
मी आवाजावर तोडते.
वाजली तर आज, गप्प असली तर परवा.
दव असतानाच जा,
उन्हं तापली की शेंगा हात लागताच तडकतात
आणि निम्मे दाणे पारव्यांच्या नावावर जातात.

काजूच्या झाडाशी घाई नाही.
खाली पडला तो बोंडू आपला,
वरचा अजून झाडाचा.
पहिला मिठाबरोबर खा, पण सफेद शर्ट घालून नको,
तो डाग तुझ्या लग्नापर्यंत टिकेल.
बिया तीन दिवस कडक उन्हात.
दर विचारत कुणी आलाच
तर म्हण, बाई घरी नाहीत.
खोटं बोलावं लागणार नाही.

मोहोर गळतोय म्हणून घाबरू नकोस.
सगळाच धरला असता तर फांदी कुठे उरली असती?
आंब्याला पाणी आत्ता नाही,
कैरी वाटाण्याएवढी झाली की मग,
तेही खोडापासून दूर, आळ्याच्या कडेने.
मी नसताना ती तेवढी होईल असं वाटत नाही.
झाली तर मला फोन कर.

तुमचा उपासाचा महिना, घरात मांस नाही,
तर तांबडी भाजी ने.
उपटायची नाही, चार बोटं सोडून कापायची,
पुन्हा फुटते.
कांदा, दोन हिरव्या मिरच्या, वरून खोबरं.
पाणी घालू नकोस. ती आपलं सोडते,
तुझ्या बोटीवरच्या शेफला हे ठाऊक नसणार.
कोवळा फणस चिरताना मात्र हाताला तेल,
नाहीतर त्या चिकाने तू दोन दिवस
कुणाचा हात सोडवून घेऊ शकणार नाहीस.

देवळाकडे शिगम्याचे ढोल आहेत
तोवर रानडुकरं डोंगरावरून उतरत नाहीत.
ढोल थांबतात त्या रात्री येतात,
दरवर्षी, जशी त्यांनाही तिथी कळते.
तेव्हा कुंपणाला डबे बांध
आणि शक्य असेल तर पडवीत झोप.

मांडवावरची ती मोठी काकडी दिसली ना?
तिला तशीच म्हातारी होऊ दे.
ती खाण्याची नाही. ती पुढच्या वर्षाची आहे.
पिएदादने मागितली तरी नाही,
तिने गेल्या खेपेला खाल्लीच होती.

पट्टी सुटली की मी आधी
खळ्यावर वाळत घातलेल्या मिरच्या पाहणार आहे.
लाल कसा असतो ते मी आठवणीवर चालवते आहे,
आठवण जरा तपकिरी झाली आहे.

ईस्टरनंतर तू पुन्हा बोटीवर चढशील,
कुणी तुला अडवत नाही.
जाताना मूठभर अळसांदे ने.
पेरायला कुठे, पाण्यावर?
असेच, खिशात असू देत.

आणि हो, विहिरीचा दोर
तिसऱ्या गाठीशी झिजला आहे.
तिथे आलास की हात घट्ट धर.