बाकी

घणसोलीत, बाराव्या मजल्यावरच्या बिनदाराच्या हॉलमध्ये
पद्माकर तांडेल उलट्या लादीवर भागाकार मांडतात.
संख्या मीच सांगितली होती, चहा पिताना:
एकतीस वेळा दोन मांडून गुणायचे, त्यातून एक वजा.
२१४७४८३६४७.
मूळ आहे, म्हटलं. कुठल्याच खोलीत बसणार नाही.

"एवढ्या लाद्या, आणि एक खोली होत नाही?"

लांबी बदला, रुंदी बदला, काहीतरी उरतंच.
दोन चौरस खोल्यांत वाटून टाकू म्हटलं तरी नाही.
फक्त एक पॅसेज, एक लादी रुंद,
फुटाच्या लाद्या घेतल्या तर चंद्राला मागे टाकणारा.

भाजक असलाच तर बासष्टच्या पाढ्यात एक मिळवून सापडेल,
हेही मीच बोलून बसलो.
पहिला तीनशे अकरा. बाकी पस्तीस.
त्या पस्तिसाभोवती त्यांनी गोल काढला.

"काका, मोबाइल पापणी लवायच्या आत सांगतो."
"उत्तर माहितेय रे. बाक्या माहीत नाहीत."

तीनशे त्र्याहत्तर. बाकी तीनशे तीन.

ही लादी उद्या बेडरूममध्ये बसेल, आकडे खाली,
ओल्या सिमेंटात.
वर पलंग कुणाचा, ते अजून ठरायचंय.