डाव्या बाहीवर तीन थेंब

रक्त आमचं मक्याच्या पाकाचं.
बादलीभर पाक, लाल रंगाच्या दोन बाटल्या
आणि चिमूटभर कोको; त्याशिवाय रात्री ते
सरबत दिसतं, असं लेलँडचं म्हणणं.
लेलँड माझा धाकटा भाऊ. दिवसा टायर बदलतो.
या सिनेमापायी त्याने स्वतःचा ट्रक विकला
आणि आता माझ्या गाडीतून येतो,
खुनांची यादी मांडीवर घेऊन.

माझ्याकडे वही.
एरवी मी धान्याच्या कोठाराचे हिशेब लिहिते,
इथे रक्ताचे.
कुणाच्या कुठल्या बाहीवर किती थेंब,
ओघळ कितव्या पायरीवर थांबला.
कॅमेरा पुन्हा सुरू झाला की सगळं
होतं तिथूनच वाहायला हवं.
मेलेल्याने मधल्या वेळात सँडविच खाल्लं
हे कळता कामा नये.

मिनेसोटातलं तळं, ऑक्टोबर सरत आलेला.
मुलांच्या उन्हाळी शिबिराची जागा, सहा वर्षं बंद.
होड्या पालथ्या. जेवणघराच्या भिंतीवर अजून
कुणीतरी मॅकरोनी चिकटवून केलेलं घुबड.
भाडं नऊ दिवसांचं भरलंय.
दहावा दिवस नाही.

खुनी म्हणजे ऑर्व्हिल.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली त्याने.
वेल्डरचा मुखवटा लावून झाडामागून निघतो
तेव्हा माझ्याही पोटात गोळा येतो,
आणि तेवढ्यात तो थांबून विचारतो,
"पोरी, फार जोरात धरलं का ग?"
पोरगी म्हणजे मार्लिस, शेवटपर्यंत जगणारी.
दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस,
सोमवारी आठला कामावर हजर.

जुन्या सिनेमांचे नियम लेलँडला
पाढ्यांसारखे पाठ.
जो म्हणतो 'आलोच', तो येत नाही.
पळणारी पडते, खुनी नुसता चालतो
आणि तरी गाठतो.
हे सगळं आम्ही तळघरात शिकलो,
व्हीसीआरपुढे एका गोधडीत, आवाज मोठा करून.
पडद्यावर किंकाळी आली की
वरच्या मजल्यावरची ऐकू येत नसे.
(हे वहीत नाही.)

आठव्या दिवशी व्हर्ना आली.
चाळीस वर्षांपूर्वी असल्याच एका सिनेमात
ती दुसऱ्या नंबरला मेली होती,
दारात, हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली.
ती टेप लेलँडने झिजवलेली.
मानधन: पेट्रोल आणि एक ब्लूबेरी पाय.
खुबा बदललेला, काठी कारमध्येच ठेवलेली.
मार्लिसची किंकाळी ऐकून म्हणाली,
"घशातून नको, टाचेतून आण.
आणि आधी श्वास घे. सगळ्या विसरतात."
मग करून दाखवली.

तळ्यापलीकडची कुत्री उठली.
आवाज टिपणाऱ्या पोराने कानावरचं ओढून काढलं.
वीस मिनिटांत शेरीफ आला, खराखुरा,
कुणी मेलं का विचारत.
"आत्तापर्यंत सात," लेलँड म्हणाला,
"आठवा व्हाल का?"
नाही म्हणाला. पण पाय खाऊन गेला.

शेवटची रात्र. शेवटचा प्रसंग.
मार्लिस कुऱ्हाड उचलते, मुखवटा गळून पडतो,
खाली काही नाही, एका माणसाचा चेहरा.
लेलँड म्हणाला, पुन्हा.
पुन्हा.
पहाटे तीनपर्यंत पुन्हा.
ऑर्व्हिल दर वेळी न कुरकुरता मेला.
मी दर वेळी वही बघून, ब्रशने,
त्याच्या डाव्या बाहीवर तीन थेंब दिले.

चौकड्याचं जाकीट, तिसरं बटण नाही:
पहिल्याच दिवशी मी लिहून ठेवलं होतं.
कुणाचं, ते लिहिलं नव्हतं.
लेलँडने ते घरून आणलं तेव्हा
मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
आमच्या बापाचे खांदे ऑर्व्हिलएवढेच होते.

परतताना जाकीट मागच्या सीटवर,
पाकाने चिकट, थंडीत कडक होत चाललेलं.
ऐंशी मैल.
रेडिओ दोघांपैकी कुणीच लावला नाही.