अकरा सेकंद

नाचता येईना, म्हणून मी अंगणं विकत घेत गेले.
पहिलं पिवळं, डिस्टॉर्शनचं,
मग निळं कोरस, मग डिले, मग आणखी एक डिले,
कारण पहिल्याचा प्रतिध्वनी मला फार स्वच्छ वाटला,
धुऊन इस्त्री केल्यासारखा.
डनीडनच्या उतारावरचं घर, थंडगार गॅरेज,
फळीवर वेल्क्रोनं चिकटवलेली सात अंगणं,
आणि बोटं तीच.
एफचा बार कॉर्ड आजही मधल्या तारेवर मुका पडतो.

दिवसा मी बस चालवते.
उजवा पाय ब्रेकवर, इतका हलका
की उभ्या म्हातारीच्या पिशवीतली अंडीसुद्धा
सेंट क्लेअरपर्यंत शाबूत पोचतात.
रात्री तोच पाय लोखंडी बटणावर येतो
आणि सगळा संयम विसरतो.

आठवा लूपर. बालक्लूथाहून आणला.
नोलीन पेट्री नावाच्या बाई भावाचं सामान काढत होत्या.
चालतो की नाही ठाऊक नाही, म्हणाल्या,
चाळीस डॉलर घेतले
आणि बळंच हातात ठेवली रुबार्बच्या मुरंब्याची बरणी.
भावाचं नाव विचारायचं राहून गेलं.

घरी येऊन वायर लावली, बटण दाबलं,
तर आत कुणीतरी आधीच वाजवत होतं.

अकरा सेकंद.
जी, मग ई मायनर, मग सी,
मग उतरत येणारे चार सूर, त्यातला चौथा चुकलेला.
पुन्हा जी.
पुन्हा तीच चूक, त्याच जागी, त्याच भाबडेपणानं.

मला वाटलं होतं, गेलेल्या माणसाच्या डबीतून
काहीतरी अफाट निघेल.
निघालं हे: माझ्याच इयत्तेतला कुणीतरी,
चौथ्या सुराशी येताना किंचित कचरणारा,
अंधारात जिना उतरताना
नसलेली एक पायरी पायानं चाचपावी तसा.

आवाज फार वाढवला की तारांच्या मागे
पुसटसं कुणी बोलतंय.
पिकअप जुने झाले की माणसंही ऐकू लागतात,
असं शेजारचा हेमी म्हणतो, जो फ्रीज दुरुस्त करतो.
आम्ही दोघांनी स्पीकरला कान लावले.
त्याच्या मते "गेट". माझ्या मते "केट".
त्यावर दोन बिअर संपल्या.

अर्धा हिवाळा मी त्याच्या सोबतीनं वाजवलं.
एका रात्री त्या चुकलेल्या सुराखाली
मी नुसता खालचा एफ धरला, एकच तार,
आणि चूक चूक राहिनाशी झाली.
हेमीला भिंतीवर थाप मारून बोलावलं.
तो झोपला होता.

पुसायचं कसं, ते डबीच्या पाठीवरच लिहिलंय:
बटण दोन सेकंद दाबून धरा.
म्हणून मी टिचकीसारखी दाबायचे, गरम तव्याला बोट लावावं तशी.

जुलैत दक्षिणेचा वारा सुटला.
पायात लोकरी मोज्यांचे दोन जोड, बटण कळेना,
दहा तासांची पाळी करून आलेला पाय,
त्याला वाटलं असावं, पुढे थांबा आलाय.
हळूच दाबलं त्यानं. आणि धरून ठेवलं.
अंडी फुटू नयेत म्हणून.

लाल दिवा दोनदा लुकलुकला.
मग पत्र्यावरचा वारा तेवढा.

आता मी ते स्वतः भरू पाहते.
जी, ई मायनर, सी, उतरते चार.
चौथा मुद्दाम चुकवते. सूर अगदी तोच लागतो,
पण कचरत नाही. ठरवून चुकलेला निगरगट्ट सूर.
माझ्या स्वतःच्या चुका वेगळ्या आहेत,
त्या दुसऱ्याच्या घरात शिरत नाहीत.
शिवाय माझं आवर्तन भरतं बारा सेकंदांचं.

रविवारी नोलीनबाईंना फोन केला.
म्हटलं, चालतो.
बरं झालं, म्हणाल्या. मुरंबा फार आंबट नाही ना झाला?
नाही, म्हटलं.
नाव पुन्हा राहूनच गेलं.