घडी

सहा बावन्नची गाडी. डाम्पोर्टच्या फलाटावर
मी सायकलची घडी घालते.
मागचं चाक पोटाखाली, मग मधली बिजागरी,
मग हँडल, शेवटी सीट.
वीस सेकंद. हातमोजे असले तर तीस.
उजव्या पोटरीवर अजून एक निळा डाग आहे
पेडलच्या मापाचा,
पहिल्या हिवाळ्यातला.

तपासनीस योरिसचा नियम साधा :
उघडी असली की वाहन, मिटली की सामान.
सामानाला तिकीट नाही.
गेल्या मंगळवारी खिट्टी अडकली.
मिटेना. दारात आडवी ती, ओशाळलेली मी,
मागे शाळेची दोन पोरं, आणि पाठीवर ट्यूबा घेतलेली एक बाई.
"आज ती वाहन आहे," योरिस म्हणाला
आणि पावती फाडली.
ट्यूबाला त्यानं काहीच विचारलं नाही.

मी लोकांचे पाय बघते.
म्हणजे नखं कापते, भोवऱ्या तासते,
लोकेरेनच्या पलीकडे, जिथं दुपारनंतर बस नसते
आणि म्हाताऱ्या माणसांना
स्वतःचे अंगठे फार लांब झालेले असतात.

इर्मा एक्क्याण्णव वर्षांची.
तिला पाय नंतर, आधी सायकल.
"कर," म्हणते. स्वयंपाकघराच्या लाद्यांवर
मी उघडते, मिटते, पुन्हा उघडते.
ती टाळ्याबिळ्या वाजवत नाही.
पत्ते पिसणाऱ्याच्या बोटांकडे बघावं
तशी बघते, लबाडी कुठे आहे ते शोधत.
मग पाय गरम पाण्यात सोडून यादी सांगते :
ताकाची बाटली, लीकची जुडी,
बटाटे, पण मागच्या वेळसारखे नकोत,
आणि मांजराचा तो डबा, ज्यावर मांजर हसतंय.

दुकानात सायकल ट्रॉलीच्या खालच्या जाळीत बसते.
काउंटरवरची नवी मुलगी खाली वाकून
तिच्यावर बारकोड शोधते.
परतताना दुर्मे नदीच्या कडेनं वारा समोरून.
पुढच्या पिशवीतून लीकचे हिरवे शेंडे
माझ्या हनुवटीला लागतात,
बटाटे हँडल डावीकडे ओढतात.
छोट्या चाकांना प्रत्येक खड्डा विहिरीएवढा.
ताक पोचतं तेव्हा त्याला फेस आलेला असतो.

संसाराची घडी बसायला मला बावीस वर्षं लागली.
मोडली तेव्हा तो कपाट घेऊन गेला, मी ही सायकल.
वाटणी बरोबर झाली असं तेव्हा वाटलं नव्हतं.
आता तिसऱ्या मजल्यावर, कोटांच्या खाली,
जुन्या वर्तमानपत्रावर ती निथळत बसते.
रात्री कधी पाणी प्यायला उठले
आणि अंधारात पाय लागला,
तर मिटल्या मिटल्या तिचं एक चाक
थोडं फिरतं.
मी तिला सॉरी म्हणते. कुणी ऐकत नाही.

आज इर्माच्या टाचेला मलम लावत होते.
"मलाही अशीच घडी करून ने एकदा," ती म्हणाली,
"समुद्रापर्यंत."
"सामान म्हणून ना? फुकट जाशील."
"वाहन म्हणून," इर्मा म्हणाली,
"तिकीट काढ."
आणि मोजा चढवायला
दुसरा पाय पुढे केला.