वरियाळी

दुकानात ती वरियाळी असते.
"मोटी के झीणी?" खंडेराव मार्केटमागचा पोरगा विचारतो.
झीणी, मी म्हणतो, लखनवी,
आणि पिशवी घेऊन दांडिया बाजारापर्यंत चालत येतो.
ऊन आठ वाजताच मुनिमासारखं गादीवर बसलेलं.
आमचा उंबरा ओलांडताना तिची बडीशेप होते.
एवढं एक भाषांतर,
त्याला काही वेळ लागत नाही.

रात्रभर पाण्यात.
सकाळी पाण्याला जो रंग येतो
त्याला नाव नाही.
हिरवा म्हणावं तर पिवळा दुखावतो.
नंदेसरीला रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली मी,
पिंप हुंगून सांगायचो कुठला घाणा बिघडलाय.
शेजारच्या कुमुदबेन दर उन्हाळ्यात म्हणतात,
थोडो लीलो कलर नाखो ने, भाई.
मी दर उन्हाळ्यात म्हणतो, नाही.
नोकरी संपल्यावर नखांतला निळा जायला
दोन दिवाळ्या लागल्या होत्या.

मिक्सर. मग जुन्या उपरण्याचं फडकं,
चार टोकं एकत्र, आणि पीळ.
शेवटचं पाणी निघतं तेव्हा मनगट दुखतं,
खरा वास त्या शेवटच्या पाण्यात असतो.
चोथा जास्वंदीला.

एक वाटी पाण्याला दोन वाट्या साखर.
ओतताना आवाज येतो,
लांब कुठेतरी वाळूचा ट्रक रिकामा होतोय तसा,
आणि कालिंदी दारात येते.
सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कागदावर एक आकडा लिहिला,
त्याच्याभोवती दोनदा गोल काढला.
तेव्हापासून मी पाकाशी असलो की ती दारात असते.
बोलत काही नाही.
हातात निवडायला काहीतरी असतं,
मेथी, गवार, कधी नुसतंच ताट.

चव बघायला वरच्या मजल्यावरचा हेत.
केरसुणीचा दांडा छताला दोनदा लावला
की तिसरीतला हा माणूस जिना उतरून येतो,
चमचा चाटतो, डोळे मिटतो,
"हजी पातळुं छे, काका."
त्याच्या शब्दाबाहेर आम्ही जात नाही.

बाकी मी मोजतो ते कारखान्यातल्यासारखं.
पळी उचलायची
आणि दोन थेंबांमधलं अंतर धरायचं.
एक, दोन. अजून पाणीच.
एक, दोन, तीन.
इथे अर्धं लिंबू.

एका वर्षी लिंबू राहिलं.
कालिंदीच्या भावाचा फोन आला होता, वाटणीचा.
आठवड्यात बाटलीच्या तळाशी साखर परत आली,
खडे बांधून बसली,
जशी कधी विरघळलीच नव्हती.
बाटली गरम पाण्यात उभी करून ठेवली, तेव्हा सुटली.
भाऊ अजून आलेला नाही.

यंदा हेत मामाकडे, नडियादला.
मी दांडा लावला छताला, सवयीने.
वर पंखा फिरत राहिला.
मग अंगठा आणि तर्जनी.
थेंब चेपला, बोटं उघडली,
तार.
एकच, बारीक, खिडकीच्या उजेडात,
तुटेना, तुटेना.
मी वळून पाहिलं.

कालिंदी म्हणाली, कपडे काढून आणते,
आणि गॅलरीत गेली.
कपडे तिने दहा मिनिटांपूर्वीच वाळत घातले होते.

ती आली तेव्हा मी हात धुऊन
बाटल्या पुसत होतो.
खांद्यावर चादर, कोपरावरून पाणी गळतंय.
ओलेच आहेत, मी म्हणालो.
हो, ती म्हणाली. कसा झालाय?
लिंबू किंचित जास्त पडलंय, मी म्हणालो.

ती कपडे परत वाळत घालायला गेली.