पाऊण भर

मोटर मेलेल्या ड्रायरमधली,
बेअरिंग पुतण्याच्या जुन्या स्केटबोर्डाची,
दोन सळ्यांवर सायकलची ट्यूब ताणून चढवलेली,
आणि पिंप म्हणजे पाइपाचा वीतभर तुकडा.
खर्च अकरा डॉलर. शिवाय एक सोललेलं बोट.

तळघराची खिडकी बर्फाने बुजली होती.
पट्टा सुटला. वेइक्कोने बसवला. पुन्हा सुटला.

"पाऊण भर," रेइनो जिन्यातूनच म्हणाला.
बापाची होडी विकल्यापासून
चार वर्षांत भावाशी त्याचा हा पहिला शब्द.
"कमी घातलेस तर आपटून फुटतील,
गच्च भरलेस तर हलणारच नाहीत."
वेइक्कोने वर न बघता
आणखी मूठभर खडे टाकले.

मग खरखर, रात्रंदिवस.
आधी भरड पूड, मग बारीक, मग पिठासारखी.
टाकीचे घाव बिव काही नाही,
चिखलात एकमेकांवर पडत राहायचं, बस्स.

मार्चअखेर झाकण उघडलं.
किलोभर घातलेले, भरले सातशे ग्रॅम.
बाकीचं राखाडी पाणी कुंपणापाशी ओतलं.

लहानपणी सुपीरियरच्या काठावर दोघे खडे चाटत,
रंग ओल्यावरच कळतो म्हणून.
रेइनोने आताही एक चाटला,
बाहीला पुसला,
दिव्याखाली धरला.

कोरडाही तसाच लाल.