शनिवारचं बटण

आजोबा बेस्टमध्ये वायरमन होते.
चौतीस वर्षं लोकांच्या घरांत उजेड पोचवला,
आणि शनिवारी स्वतःच्या घरात
पंख्याचं बटणसुद्धा दाबलं नाही.

शुक्रवारी ऊन कललं की
दाढी करून पांढरा सदरा घालायचे,
खोबरेल ओतून वात सरळ करून ठेवायचे.
आजी दिवा लावायची,
आणि भायखळ्यातली आमची दीड खोली
दुसऱ्या दिवशीच्या चांदणीपर्यंत
मुंबईतून वजा व्हायची.

संडासातला बल्ब चुकून चालू राहिला
तर रात्रभर चालूच.
आजी बिलाच्या नावानं पुटपुटायची.
आजोबा म्हणायचे, "जळू दे गं,
त्या बिचाऱ्याला रजा मंजूर नाही झाली."

काळोख फारच दाटला तर
गॅलरीत जाऊन नुसतं हवेला सांगायचे,
"आज लवकर अंधारलं, नाही?"
कुणाला काम सांगायचं नाही, असा नियम.
शेजारचा रियाज गोट्या खिशात कोंबत यायचा,
खट्‌.
आजोबा छताकडे बघून असे चकित व्हायचे
की सृष्टीचा पहिला दिवस
आत्ताच, आमच्याकडे, उजाडला.
रविवारी रियाजच्या हातावर चिक्की.
कशाबद्दल, ते दोघंही बोलायचे नाहीत.

त्यांच्या उजव्या तर्जनीवर शॉकचा काळा डाग होता.
तेच बोट उजवीकडून डावीकडे सरकवत
त्यांनी मला हिब्रू अक्षरं दाखवली.
"हा बघ एस्तू, याच्या डोक्यावर कावळा बसलाय."
मी कावळे शिकले. भाषा राहिली.

दहावीचं गणित दुसऱ्या खेपेला सुटलं
तेव्हा त्यांनी मलिद्याचा नवस फेडला.
पोहे भिजवले, नारळ स्वतः खवला,
पाच फळं मांडली.
पैगंबर एलियाहू येऊन जातो म्हणतात.
मी दारावर नजर ठेवून होते.
त्यांनी हळूच खोबरं तोंडात घातलं माझ्या,
"तो येईल सावकाश. तू खा."

आणि ती रात्र. मी सहा वर्षांची,
ताप एकशे चार, शुक्रवार उलटून गेलेला,
आणि इमारतीचा फ्यूज उडालेला.
आजी म्हणाली, रियाजच्या बापाला उठवते.
आजोबा खाटेखालून हत्यारांची पेटी ओढत होते.
"तो तार कुठली घालेल कोण जाणे."
स्टुलावर चढले, मेणबत्ती दातात धरल्यासारखी
अगदी तोंडाजवळ,
आणि शिमशोन झिराडकर यांनी
आयुष्यात पहिल्यांदा शनिवारी वीज आणली.
मग पंखा लावला. मग खाली जाऊन
इराण्याचं शटर बडवून डॉक्टरला फोन.
सकाळी नेहमीसारखे चालत सिनेगॉगला गेले.
मला वाटलं, माफी मागायला.
आजी म्हणाली, "छे, आभार मानायला."

काका सगळे दिमोनाला गेले.
आजोबांचा पासपोर्ट कोराच राहिला.
"तिकडच्या वायरिंगचा मला अंदाज नाही," म्हणायचे.

ते गेल्यावर प्रार्थनेचं पुस्तक माझ्याकडे आलं.
समासात पेन्सिलीनं मराठी:
'इथे घाई करू नये.'
'हे उभ्यानं.'
एका पानावर, 'इथे थांबून एस्तूचं नाव घेणे,'
आणि खाली, वेगळ्या वर्षीच्या पेन्सिलीनं,
'दोनदा.'

आमच्यात कबरीवर फुलं नाही, खडा ठेवतात.
मी चिनीमातीचा एक जुना फ्यूज ठेवून आले.
रखवालदारानं विचारलं, हे काय बाई?
म्हटलं, दगडच समजा.

मी काही पाळत नाही.
शनिवारी दुकान उघडं असतं माझं.
फक्त शुक्रवारी रात्री
संडासातला बल्ब कुणीतरी विसरतं.
मुलगा ओरडतो, आई, लाईट!
जळू दे रे, मी म्हणते,
आणि कूस बदलते.